वरचा डावा दुसरा

फावडं पहिल्याच खड्ड्यात दोन वीत खाली गेलं आणि दातांवर आपटलं. दगड लागला की मनगटाला झिणझिण्या येतात, जुनं मूळ लागलं तर फावडं मऊ अडतं. हा आवाज दोन्हींतला नव्हता. कोरडा, ठिसूळ, ओळखीचा. कानांच्या आधी तो तिच्या बोटांना कळला, कारण पस्तीस वर्षं ती बोटं हेच सामान हाताळत आली होती. तिनं गुडघे टेकले आणि हातानं माती बाजूला केली. खालचा जबडा. प्लास्टरचा. चौदा दात जागच्या जागी, उजवीकडच्या दोन दाढा गायब, आणि दातांच्या फटीफटींतून गवताची बारीक पांढरी मुळं ओवलेली, सुईदोऱ्यानं कुणी मुद्दाम ओवावीत तशी. जिभेच्या जागी एक गांडूळ निवांत पसरलं होतं. वर सकाळचं कोवळं ऊन, थंडी सरून आठवडाही झाला नव्हता, मातीला नुकती वाफ येऊ लागलेली, आणि त्या वाफेत कुणाचं तरी तोंड आ करून वर बघत होतं. घाबरावं असं त्यात काही नव्हतं. तरी तिनं हात मागे घेतला.

या घरात जबड्याला घाबरून चालणारच नव्हतं. बाप दातांचा कारागीर, आणि आता तीही. दवाखान्यातून डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा ठसा पाठवतात, गुलाबी लगद्यात उमटलेला, उलटा. त्यात प्लास्टर ओतायचं, बुडबुडे निघून जावेत म्हणून थरथरत्या पाटावर धरायचं, तासाभरानं सोडवायचं, की त्या माणसाचं तोंड आपल्या हातात येतं. त्यावर मेण चढवून कवळी करा, कॅप करा, काय ते करा. दात मालकाकडे जातात आणि जबडा मागे राहतो. तो मागायला कुणी येत नाही. फळीवर साठत जातो, फळी भरली की टाकून द्यावा लागतो. ती लहान असताना बाप टाकाऊ जबडे मागच्या अंगणात पुरायचा. प्लास्टरनं चिकण माती मोकळी होते असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. हे सगळं तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ज्या गवतावर आपण लंगडी खेळलो त्याच्याखाली अख्खी वस्ती तोंड उघडून पडली होती हे गुडघ्यांनी समजणं वेगळं. या तोंडांनी भाकऱ्या तोडल्या असतील, थापा मारल्या असतील, कुणाचे तरी मुके घेतले असतील. त्यातली बहुतेक आता नसतील. त्यांचा चावा मात्र इथं होता, जसाच्या तसा.

"काय लागलं?" बापानं विचारलं. कामाच्या खोलीचं दार अंगणात उघडतं. त्या दारात खुर्ची टाकून तो सकाळपासून बसला होता, गुडघ्यांवर शाल आणि हातात काठी. वय त्र्याऐंशी. काठी चालायला कमी आणि इकडे खण, तिकडे खण हे दाखवायला जास्त. जबडा, असं ती म्हणाली. दाखव, असं तो म्हणाला. तिनं नेऊन दिला. त्यानं तो उजेडाकडे वळवला, मोतीबिंदूनं दुधाळ झालेले डोळे बारीक केले, मग डोळ्यांचा नाद सोडून अंगठा पुढच्या दातांवरून फिरवला, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, जसा तो आयुष्यभर फिरवत आला होता. "नाही," तो म्हणाला. "ठेव बाजूला. पुढचा खड्डा घे."

नाही? तिनं तर काही विचारलंच नव्हतं. पण बापाच्या तोंडी लागायचं नाही ही सवय हाडात मुरलेली. ती परत गेली, खड्डा पुरता खोल केला, तळाशी मातीचा छोटा उंचवटा केला आणि बादलीतून पहिला गुलाब उचलला.

गुलाब ही बापाची भानगड. तिची नाही. पंचेचाळीस वर्षं त्यानं त्या अंगणात फावडं घालू दिलं नव्हतं. बारा वर्षांची असताना तिनं भिंतीशी सूर्यफुलाचं बी टोचलं होतं. कोंब वर आला त्याच दिवशी त्यानं उपटून फेकला आणि इथं काही लावायचं नाही एवढंच सांगितलं. का, हे सांगायची त्याच्याकडे पद्धत नव्हती. या माणसानं कशाचंच कारण कधी सांगितलं नाही. तिला शाळेतून काढून कामाला बसवलं त्याचं नाही, आणि तिच्यासाठी आलेलं एक बरं स्थळ दारातून परत पाठवलं त्याचंही नाही. आणि पंधरा दिवसांपूर्वी चहात पाव बुडवता बुडवता हाच माणूस म्हणाला, मागे गुलाब लावायचेत. आठ. जणू काही दर वर्षीच लावतो. रोपवाला काल ते घेऊन आला, ओल्या पोत्यात गुंडाळलेले, मुळांना मातीचा कणही नाही. आठ काड्या. काटेरी, तपकिरी, मेलेल्या. रात्रभर बादलीत ठेवा, त्यानं बजावलं, आणि उद्याच्या उद्या लावा, मुळं अर्धा तास उन्हात उघडी राहिली की संपलंच. दोन फूट खोल खणा, मुळं उंचवट्यावर पसरा, कलमाची गाठ मातीच्या जरा वर राहू द्या. मग जाता जाता म्हाताऱ्याची खोडी काढायचा मोह त्याला आवरला नाही. काका, या वयात गुलाब कुणासाठी, असं त्यानं विचारलं. तुझ्या सासूसाठी, बाप म्हणाला, आणि चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

तिनं मुळं पसरली. बोटं फाकवलेल्या हातासारखी ती उंचवट्यावर बसली. कोमट माती लोटून, मूठभर मूठभर दाबून, पायानं घट्ट करून तिनं पाणी ओतलं. पाणी बुडबुडत खाली गेलं, आणि काडी उभी राहिली. वाकून बघितलं तेव्हा तिला दिसलं की ती मेलेली नाही. सालीवर, काट्याच्या बगलेत, टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका होता. कोंब. उकळत्या भांड्याच्या झाकणासारखं काहीतरी आतून ढकलत होतं. ती बावन्न वर्षांची बाई त्या ठिपक्याकडे लहान पोरासारखी बघत राहिली. तिच्या धंद्यात सगळं मेलेल्यावर चालतं: मेण, प्लास्टर, चिनी मातीचे दात. कितीही हुबेहूब करा, ते वाढत नाहीत. आणि इथं ही काडी, हिला रात्रभर बादलीत बुडवलं, उघड्या मुळांनी पोत्यात कोंबून आणलं, तरी हिचं चालूच होतं.

दुसऱ्या खड्ड्यात तीन जबडे निघाले, तिसऱ्यात पाच. काही एकात एक अडकलेले, रागानं चावल्यासारखे. ती प्रत्येक दाखवायला नेई, बाप अंगठा फिरवी, नाही म्हणे, आणि ती तो कुंपणाच्या कट्ट्यावर मांडून ठेवी. खालचे जबडे तर आता तो हातातही घेईना, नुसती काठी हलवायचा. तिसऱ्या गुलाबापर्यंत कट्ट्यावर नऊ तोंडांची रांग झाली. पलीकडच्या मास्तरीणबाई कपडे वाळत घालायला आल्या, त्यांनी ती पाहिली आणि हातातला टॉवेल तसाच धरून विचारलं की हे काय, वस्तीची सभा भरली की काय. तिनं सांगितलं. जुने आहेत, पंचेचाळीस वर्षांच्या मागचे, वस्तीतल्या माणसांचेच असणार. बाईंनी चष्मा पुसून एकेक तोंड निरखलं. "आमच्या ह्यांचा सापडला तर मला सांगू नका हं," त्या म्हणाल्या, "परत पुरून टाका. जिवंत होते तेव्हाच पुष्कळ चावले." आणि हसल्या. मग हसू मावळल्यावरही तिथंच उभ्या राहिल्या, एका जबड्याला बोट लावलं, लगेच काढून घेतलं, आणि कपडे न वाळवताच आत गेल्या.

चौथा खड्डा मोरीच्या पाण्याच्या वाटेवर होता. तिथं फावडं कशावरच आपटलं नाही. मातीत पांढरे पट्टे निघाले, दही सांडावं तसे. तिनं चिमटीत घेतलं, चोळलं. प्लास्टरच, पाणी पिऊन पिऊन विरघळलेलं. एका ढेकळात दोन दातांचे उंचवटे कसेबसे राहिले होते, बोट लागताच तेही गेले. तिनं ओरडून सांगितलं, इथले सगळे विरघळलेत. आणि तिनं पाहिलं की बाप खुर्चीतून उठायला बघतोय. काठी घसरली, तो परत बसला, आणि त्याचा चेहरा तिनं कधी बघितला नव्हता असा झाला, उघडा, ठसा घेताना रोगी बसतो तसा. पिवळा एखादा आहे का, त्यानं विचारलं. नीट बघ. पिवळं दगडी प्लास्टर पाण्यानं जात नाही.

पिवळं दगडी प्लास्टर महाग. ते चुकायचं नाही अशा कामाला वापरतात, वस्तीतल्या साध्या कवळ्यांना नाही. ती फावड्यावर हात टेकून उभी राहिली आणि सकाळपासून तिच्यासमोर घडत असलेली गोष्ट तिच्या डोक्यात एकदम नीट बसली, कवळी टाळूला चिकटते तशी. गुलाबबिलाब काही नाही. म्हातारा काहीतरी शोधतोय. अंगण खणून घ्यायला त्याला निमित्त हवं होतं, आणि खण म्हणून सांगायची हिंमत नव्हती, म्हणून त्यानं आठ झाडं विकत आणली. आठ झाडं, म्हणजे आठ खड्डे. कुठे पुरलं ते त्याला आठवत नव्हतं.

आणि काय शोधतोय हेही तिला कळलं, कारण थंडीत तो फोन आला होता. परगावहून, एका परक्या बाईचा. तुमच्या आई छातीच्या दुखण्यानं वारल्या, त्यांच्या वहीत तुमचा नंबर होता, एवढं ती बाई म्हणाली. तिनं ते बापाला सांगितलं. कशानं, असं त्यानं विचारलं. छातीच्या दुखण्यानं, ती म्हणाली. बरं, तो म्हणाला. झालं. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. गेली म्हणजे मेली नाही, निघून गेली, दुसऱ्या माणसाबरोबर, एका दुपारी. बापानं तिचं नाव घरात बंद केलं आणि त्याच आठवड्यात फोटोंतून तिचा चेहरा कापून काढला. कात्रीनं नाही, मेण कोरायच्या वाकड्या पात्यानं, इतका सफाईनं की भोक गोल आलं. लेकीकडे आजही तो फोटो आहे: डोकं नसलेली एक बाई, तिच्या मांडीवर फ्रॉकमधली एक मुलगी, आणि बाईच्या मानेवरून मागची भिंत दिसते. पंचेचाळीस वर्षं तिनं त्या भोकात निरनिराळे चेहरे बसवून पाहिले. एकही बसला नाही. आठवायचे ते हात आठवायचे, ओलसर, गार. आणि हाक, नावाची नाही, नुसत्या आवाजाची. फोनवरच्या बाईला विचारावं म्हणून तिनं तोंड उघडलं होतं की फोटो आहे का एखादा. पण परक्या माणसाला कसं विचारायचं, माझी आई दिसायला कशी होती? तोंड तसंच मिटलं.

तिनं फावडं मातीत रोवलं आणि बापापुढे जाऊन उभी राहिली. पाच गुलाब अजून बादलीत होते, ऊन चढत होतं. काय शोधताय ते सांगितल्याशिवाय पुढचा खड्डा होणार नाही, असं ती म्हणाली. मुळं सुकतील, तो म्हणाला. सुकू देत, ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला असं बोलली आणि आपलाच आवाज ऐकून तिला हसू यायला लागलं, रडू यावं तसं. म्हातारा बराच वेळ काठीच्या टोकानं फरशीवर रेघा ओढत राहिला.

"एकच काढला होता तिचा," तो म्हणाला. "वरचा. ती गेली त्या दिवशी फळी रिकामी केली, सगळ्यांबरोबर तोही गेला. तेव्हा बघितलं नाही कुठे पडतोय."

तिनं चौथा गुलाब लावला. बादली ओढून सावलीत नेली आणि भिंतीच्या कडेनं खणायला घेतलं. आता ती वेगळी खणत होती. फावडं नुसतं माती सैल करण्यापुरतं, बाकी हातांनी. नखांत माती, गुडघे ओले, पाठीत कळ. पाचव्यात काही नाही. सहाव्यात चार, सगळे पांढरे. सातव्यात एक वरचा, पांढराच, पुढचे दात सरळ, कुणा नशीबवानाचे. प्रत्येक खड्ड्यात एक गुलाब उतरत होता, त्या घाईतही मुळं दुमडायला ती देत नव्हती, गाठ वर राहील हे बघत होती. हातांना दुसरं काही जमत नाही, नीटच करतात. ही खोड त्याची, तिला लागलेली. आणि खणता खणता तिच्या जिभेचं टोक सवयीनं जाऊन बसलं होतं ते त्या दाताच्या मागे. वरचा डावा दुसरा. तिचा हा दात शेजारच्यावर चढलेला, अर्धा वळलेला, दारातून डोकावणाऱ्या पोरासारखा. चौदाव्या वर्षी तिनं बापाच्या मागे टुमणं लावलं होतं की तो सरळ करून द्या. गावभराचे दात हा माणूस सरळ करतो, लेकीचा एक करायला काय जातं? राहू दे, असं तो म्हणायचा. शाळेत पोरी तिला दुमजली म्हणायच्या, लग्नाच्या वयात ती ओठ मिटून हसायला शिकली, आणि बाप म्हणत राहिला, राहू दे. पुढे ती स्वतः कारागीर झाली. ओळखीच्या दहा डॉक्टरांपैकी कुणीही एका दुपारी घासून दिला असता, वर चढवायची कॅप तिची तिनंच केली असती. नाही केली. खरं बोलायचं तर तिला तो दात हवा होता. बापावरचा राग कुठेतरी ठेवायला जागा लागते. तिनं तो तिथं ठेवला होता, जिभेला कधीही सापडेल असा.

आठवा खड्डा दारापासून सगळ्यात जवळ, पायरीच्या खाली. म्हणजे त्या दिवशी तो फार लांब गेलाच नव्हता. दार उघडलं आणि टाकलं. कोपरापर्यंत हात गेल्यावर बोटांना गुळगुळीत लागलं. तिनं घाई केली नाही. भोवतालची माती एकेक चिमूट काढली, जशी ती ठशातून जबडा सोडवते. पिवळा. वरचा. पाण्यानं धुतला तेव्हा तो मधाच्या रंगाचा झाला, काल ओतल्यासारखा. टाळूवरच्या वळ्यासुद्धा होत्या, पुढच्या दातांमागे, लाट ओसरल्यावर ओल्या वाळूवर उरतात तशा. त्या कुणाही दोघांच्या सारख्या नसतात, हे तिला धंद्यामुळे ठाऊक होतं. याच वळ्यांना जीभ लावून तिला हाक मारली गेली होती. नावाची नाही, नुसत्या आवाजाची. तिची स्वतःची जीभ आपोआप वर गेली आणि तिथंच राहिली. मग तिनं जबडा पुढून बघायला वळवला.

वरचा डावा दुसरा. शेजारच्यावर चढलेला. अर्धा वळलेला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पलीकडे बाईंच्या घरात रेडिओ चालू झाला, एक पाखरू नव्या काडीवर बसायला आलं आणि काटा बघून उडालं. तिला वाटत होतं की आता हुंदका येईल. पण जे आलं ते दुसरंच होतं, छातीत मावेना असं मोठं, ज्याला तिच्याकडे शब्द नव्हता. पंचेचाळीस वर्षं ती आईचा चेहरा भिंतीवर, रस्त्यावर, परक्या बायकांत शोधत होती आणि आई तिच्याच तोंडात बसून रोज जेवत होती.

ती उठली आणि तो जबडा बापाच्या हातात दिला. त्याच्या अंगठ्याला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जावंच लागलं नाही. तो थेट त्या दातावर जाऊन थांबला. म्हाताऱ्याच्या नाकातून शिट्टीसारखा आवाज येत होता.

"ठसा जरा ओढला गेलाय मागे," तो म्हणाला. "घाई केली मी."

"मला चेहरा हवा होता, बाबा."

"चेहरा मला येत नाही. दात येतात." त्यानं जबडा शालीच्या टोकानं पुसला. मग म्हणाला, "तिला सरळ करून हवा होता तो. त्यासाठीच ठसा घेतला. चार महिने फळीवर ठेवला. आज करतो, उद्या करतो. वाईट दिसत नव्हता गं."

"आणि मी मागितलं तेव्हा?"

"तू मागितलंस तेव्हा ती गेलेली होती."

तिच्या आत चाळीस वर्षांचा राग उठून उभा राहिला, आणि बसायला त्याला जागाच सापडेना. बघा हा माणूस. बायकोनं एक दात सरळ मागितला, तो दिला नाही कारण वाकडाच याला आवडला. तिला निदान तसं सांगावं? तेही नाही. तिचं नाव पुसलं, चेहरा कापला, आणि लेकीच्या तोंडात तेवढा एक दात राखून ठेवला, लेकीला न विचारता, लेकीच्या हसण्याची वाट लावून. याला प्रेम म्हणायचं तर जीभ अडते. न म्हणावं तर हे हातातलं काय आहे?

"तोंड उघड," बाप म्हणाला.

ती त्याच्यासमोर पायरीवर बसली आणि तिनं तोंड उघडलं. ऊन थेट आत पडलं. एका हातात पिवळा जबडा धरून म्हाताऱ्यानं दुसऱ्या हाताचा अंगठा, मातीनं भरलेला, तिच्या ओठाखाली घातला आणि त्या दातावर ठेवला. इथं, मग तिथं. मग परत इथं. काम पसंत पडलं की तो एकच करायचा, मान एकदा खाली घालायचा. त्यानं घातली.

आठवा गुलाब अजून बादलीत होता. सावली सरकून ऊन बादलीच्या कडेपर्यंत आलं होतं. ती उठली, पायरीखालच्या खड्ड्यात उंचवटा केला, मुळं पसरली, माती लोटली, दाबली, पाणी दिलं. या काडीवरचा लाल ठिपका बाकीच्यांपेक्षा मोठा होता, टोकाला फुटायच्या बेतात आलेला. बाप जबडा मांडीवर घेऊन बसला होता, शालीचं टोक त्याच्यावर ओढलेलं. गाठ खाली गेली का, त्यानं विचारलं. वर आहे, असं ती म्हणाली. तोंडात माती कचकचत होती, दाताच्या त्या वळणात तर जास्तच. चूळ भरायला नळ चार पावलांवर होता. ती गेली नाही.